दीड सेकंदाची उसंत

बॅडमिंटनमध्ये नेटजवळ अलगद सोडलेलं फूल जमिनीला टेकायच्या आत गाठायचं तर खेळाडू रॅकेटच्या बाजूचा पाय लांब पुढे टाकतो. टाच टेकते, गुडघा वाकतो, मांडीचा स्नायू ताणला जातो आणि अंगाचा सगळा वेग त्या एका पायावर येऊन थांबतो. त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या जवळपास दुप्पट भार पायावर पडतो आणि तो पचवण्याचं मोठं काम गुडघा करतो. पुण्याजवळच्या चाकण औद्योगिक पट्ट्यात शॉकअब्सॉर्बरच्या लाइनवर उभं राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आलेला धक्का कुठेतरी जिरवावाच लागतो.

सुकांत कदमचा प्रश्न नेमका इथे आहे. सांगली जिल्ह्यातला हा मुलगा दहा वर्षांचा असताना क्रिकेट खेळताना पडला. शस्त्रक्रिया झाल्या, पण गुडघ्याची हालचाल पूर्ववत झाली नाही. २०१२ साली सायना नेहवालला लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळालं आणि सुकांत बॅडमिंटनकडे ओढला गेला. त्याने मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या निखिल कानेटकर यांच्याकडे पुण्यात सराव सुरू केला. ज्याला स्वतःच्याच सांध्यातलं यंत्रशास्त्र रोज सोडवावं लागतं, त्याने मेकॅनिकल शिकावं, हे मला फार समर्पक वाटतं.

एकेरीत आपल्या बाजूचं कोर्ट ६.७ मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायचं तर साडेआठ मीटर. गुडघा पुरेसा वाकत नसेल तर खाली झुकण्याचं काम कंबर आणि घोट्याला वाटून घ्यावं लागतं, पाऊल परत मागे घ्यायला जास्त वेळ जातो. तेवढा वेळ कुठून आणायचा?

तो फुलातूनच मिळतो. सोळा पिसांचं, जेमतेम पाच ग्रॅमचं हे फूल हवेत विलक्षण वेगाने मंदावतं. सात्विकसाईराज रंकीरेड्डीने २०२३ मध्ये मारलेल्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला, पण तो रॅकेट सोडतानाचा. हेच फूल उंच उडवलं तर खाली येताना हवा त्याला सेकंदाला सुमारे ६.८ मीटरपेक्षा जोरात पडूच देत नाही. म्हणजे ताशी २४-२५ किलोमीटर, सायकलीचा वेग. सात मीटर उंचीवरून ते जमिनीवर यायला साधारण दीड सेकंद लागतो. हवा नसती तर सव्वा सेकंदही लागला नसता. बेसलाइनजवळ उंच टोलवलेला शॉट म्हणजे उसंत. तेवढ्यात मधोमध परतायचं, पाय जुळवायचे आणि प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावरून पुढचा फटका ओळखायचा. गुडघा कमी पडतो तिथे डोळे आधी धावतात.

पॅरा-बॅडमिंटनमध्ये खेळाडूंचे सहा वर्ग आहेत. डॉक्टर तपासतात आणि कोर्टावर खेळतानाही निरीक्षण होतं. पायाचं अपंगत्व जास्त असेल तर एसएल३ मध्ये एकेरीला रुंदीत निम्मं कोर्ट मिळतं, एसएल४ मध्ये पूर्ण. सुकांत एसएल४ मध्ये खेळतो. त्याच वर्गातल्या सुहास यतिराजची अडचण घोट्यात आहे. घोटा आणि गुडघा एकाच तागडीत तोलणं अवघड, आणि या वर्गीकरणाची मर्यादा इथे उघडी पडते.

एसएल३ मधल्या मानसी जोशीची गोष्ट निराळी. मुंबईत २०११ च्या डिसेंबरमध्ये स्कूटरवरून जाताना ट्रकने धडक दिली आणि तिला डावा पाय गमवावा लागला. २०१९ साली बासेलमध्ये पारुल परमारला २१-१२, २१-७ असं हरवून ती जगज्जेती झाली. कृत्रिम पायाचा अवघड भाग असतो सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी. घाम येतो, पायाची जाडी दिवसभरात बदलते, वाटी सैल होते किंवा त्वचेला घासते. महागड्या कृत्रिम गुडघ्यांत तेलाचा दाब प्रोसेसर नियंत्रित करतो. मोटारसायकलच्या शॉकअब्सॉर्बरमध्येही तेल अरुंद छिद्रांतून ढकलूनच धक्का जिरवतात. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतलं हे ज्ञान कृत्रिम पायांच्या कामाला जास्त लागावं, असं मनापासून वाटतं.

या परिसराला अपंगत्वावर मात करून खेळण्याची परंपरा नवी नाही. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले मुरलीकांत पेटकर, तेही सांगली जिल्ह्याचे, १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्ण जिंकले आणि नंतर पुण्यातल्या टेल्कोत नोकरीला होते. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात अवयव गमावलेले जवान खेळताना पाहून हरियाणाच्या नितेशकुमारला उभारी मिळाली.

२ सप्टेंबर २०२४. पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्याच नितेशने डॅनियल बेथेलला २१-१४, १८-२१, २३-२१ असं हरवून एसएल३ चं सुवर्ण घेतलं. सुकांत उपांत्य फेरीत सुहासकडून हरला होता. कांस्यपदकाच्या सामन्यात समोर इंडोनेशियाचा फ्रेडी सेतियावान होता. सुकांत १७-२१, १८-२१ असा हरला. दोन्ही गेम मिळून फरक सात गुणांचा.