सव्वाशे सीसीमागची बग्गी

इंजिन शंभर ते सव्वाशे सीसीचं, मोटरसायकलचं वजन शंभर किलोच्या आसपास. तिच्या मागे छपराची दोनचाकी बग्गी, बग्गीत समोरासमोर दोन बाकं, बाकांवर चार प्रवासी आणि पायाशी त्यांच्या पिशव्या. कंबोडियात या जोडगाडीला रेमॉर्क म्हणतात, परदेशी पर्यटक टुकटुक म्हणतात. सिएम रीपहून अंगकोरची देवळं बघायला निघालेल्या लाखो लोकांना तिनेच फिरवलं आहे. देवळांचा छोटा फेरा सतरा किलोमीटरचा, मोठा सव्वीसचा. एवढ्या किरकोळ मोटरसायकलने एवढं ओझं दिवसभर ओढावं, तेही माणसांचं, हे नुसत्या धाडसाचं काम नाही. त्यामागे पक्कं यंत्रज्ञान आहे, आणि ते रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानांत घडलं आहे.

सगळी गोम जोडणीत आहे. जीपची किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली मागच्या टोकाला खाली अडकवतात. रेमॉर्कची लोखंडी दांडी मात्र बग्गीपासून कमानीसारखी वर चढते, मोटरसायकलच्या मागच्या चाकावरून पुढे येते आणि सीटवर, एरवी डबलसीट माणूस बसतो त्या जागी, चासीला बोल्टने आवळलेल्या सांध्यात बसते. त्यामुळे दांडीचा भार थेट मागच्या आसावर उतरतो. हाच भार आसाच्या मागे टांगला, तर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल हातात असून नसल्यासारखं होतं.

सांध्याला तीन हालचाली जमाव्या लागतात. वळताना डावी-उजवीकडे फिरायचं, खड्ड्यात वर-खाली व्हायचं, आणि तिसरी हालचाल फक्त दुचाकीमागच्या ट्रेलरला अत्यावश्यक: आडवं कलणं. मोटरसायकल वळताना कलते, बग्गी कलत नाही. सांध्याने हा कल सोडला नाही, तर बग्गी गाडीला उभी धरून ठेवते आणि वळणावर चालक बाहेर फेकला जातो. म्हणून या सांध्यातली पिन, तिचं ग्रीस आणि तिची झीज यांकडे रोज लक्ष हवं. पिन सैल झाली की गियर टाकताना आणि ब्रेक मारताना ठक्क असा आवाज येतो. तो आला की गाडी बाजूला घ्यायची, दुसरा इलाज नाही. दांडीला समांतर एक साखळीही हवी. पिन तुटलीच, तर बग्गी रस्त्यावर मोकाट सुटत नाही.

ओझं कुठे ठेवायचं, हे बैलगाडी हाकलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मागे जास्त भरली की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. पुढे जास्त भरली की बैल दबतात. इथेही तेच. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा दांडीवर यावा, बाकीचा बग्गीच्या आसावर. बग्गी उलाळ झाली तर मोटरसायकलचं मागचं चाक वर ओढलं जातं, पकड जाते, आणि थोडा वेग वाढताच बग्गी शेपटी हलवू लागते. अशा वेळी जोरात ब्रेक मारणं घातक. ॲक्सिलरेटर सोडून गाडीला आपोआप मंदावू द्यायचं. जाणता चालक म्हणूनच दोनच प्रवासी असले की त्यांना पुढच्या बाजूला बसवतो.

खरा धोका ओढण्यात नसून थांबवण्यात आहे. चार माणसं म्हणजेच अडीचशे किलो, वर बग्गीचं लोखंड. बहुतेक बग्ग्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, सगळा भार मोटरसायकलच्या ब्रेकवर. त्यात सांधा सीटच्या उंचीवर, त्यामुळे ब्रेक लागताच बग्गीचा धक्का वरून बसतो आणि गाडी नाकावर दबते. वळणात ब्रेक मारला तर बग्गी मागच्या चाकाला आडवं ढकलते आणि दोन्ही गाड्यांची घडी होते. म्हणून ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेत. उतारावर खालचा गियर. वेग दुप्पट केला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. रेमॉर्क सुरक्षित आहे तो संथ चालतो म्हणून.

इंजिनाचीही कसोटी लागते. ही इंजिनं हवेने थंड होतात, पण संथ वेगात हवा पुरेशी लागत नाही आणि कंबोडियातलं ऊन भाजून काढतं. चालकांनी त्यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो: पाण्याचा छोटा डबा, त्यातून निघालेली बारीक नळी, आणि इंजिनावर ठिबकणारं पाणी. पाण्याची वाफ होते आणि उष्णता घेऊन जाते.

याउलट होंडाची अठराशे सीसीची गोल्डविंग ही मोटरसायकल. तिच्यामागे ट्रेलर लावणारे हौशी अमेरिकेत पुष्कळ, पण कंपनीच्या पुस्तिकेत ही गाडी ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेली नाही असं बजावलं आहे. ताकद आहे म्हणजे परवानगी आहे, असं होत नाही.

गेल्या काही वर्षांत नॉमपेन्हच्या रस्त्यांवर रेमॉर्कची जागा ॲपवर बोलावता येणाऱ्या तीनचाकी रिक्षा घेत आहेत. त्यांत बजाजच्या रिक्षा मोठ्या संख्येने दिसतात. या कंपनीचा तीनचाकींचा कारखाना आपल्या वाळूजला आहे. रिक्षा स्वस्तात नेते, अरुंद गल्लीत शिरते आणि एकाच चासीवर उभी असल्याने सांध्याची काळजीच नाही. चालकांनी ती पत्करली यात नवल नाही.

तरी अंगकोरला जाल तेव्हा एक दिवस रेमॉर्क करा. बसण्याआधी सांधा आणि साखळी बघा, चालकाला घाई करू नका. आणि रेमॉर्क बघून आपल्या गाडीच्या कॅरियरला ट्रॉली वेल्ड करून घ्यायचा मोह झाला, तर तो आवरा. कॅरियर पिशवी बांधायला असतो, माणसं ओढायला नव्हे.