रोपलेला दात आणि मागे सरणारी हिरडी



पडलेल्या दाताची जागा भरून काढण्याचे मार्ग पूर्वी दोनच होते. एक कवळीचा आणि दुसरा शेजारच्या दातांवर आधारलेल्या पुलाचा. आता तिसरा मार्ग आपल्या शहरांतून रुळला आहे. जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूचा बारीक स्क्रू बसवावयाचा, हाडाने त्याला घट्ट धरले की त्यावर दात चढवावयाचा. यालाच इम्प्लांट किंवा दंतरोपण म्हणतात. स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे सशाच्या हाडातील रक्तप्रवाह पाहात असताना त्यांना असे आढळले की, आत बसविलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाने पकडले आहे व ते निघता निघत नाही. पुढे १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे रोपण केले.

हाडाने धातू आपला मानला. हिरडीने मात्र तो तितकासा मानलेला नाही, आणि आजच्या विषयाचे मूळ येथेच आहे. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे शिरून रुतलेले असतात. मेखांनी तंबूची कनात ताणून धरावी, तशी ते हिरडी धरून ठेवतात. धातूत तंतू रुतू शकत नाहीत. ते त्याच्या कडेने उभे जातात किंवा त्याला वेढा देतात. शिवाय दात आणि हाड यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो व त्यातून हिरडीला रक्त मिळते. रोपणाभोवती हा पडदाच नसतो. म्हणून तेथील हिरडी वरून निरोगी दिसली तरी तिची पकड सैल आणि रसद तोकडी असते.

अशी हिरडी मागे सरली की दात लांब दिसू लागतो, कधी धातूची करडी कड डोकावते. हे पाहून माणूस घाबरतो. दात बसविल्यावर पहिल्या काही महिन्यांत हिरडी सुमारे एक मिलिमीटर मागे जाऊन स्थिरावणे हे पुष्कळदा घडते. त्यात भिण्यासारखे काही नाही. त्यानंतरही ती सरकत राहिली, तर मात्र कारण शोधले पाहिजे.

कारणे मुख्यतः तीन प्रकारची असतात. पहिले बांधणीचे: स्क्रू ओठाच्या बाजूला फार पुढे बसला, पुढचे हाड पातळ राहिले, किंवा हिरडी जातीनेच नाजूक असली. दुसरे घासण्याचे: कडक ब्रश, राखुंडी, आडवे आणि जोराचे घर्षण. तिसरे रोगाचे: कडेला साचलेल्या किटणातील जंतूंमुळे हिरडी सुजते, घासताना रक्त येते. सूज हिरडीपुरती असेल तोवर ती नीट सफाईने उतरते. ती हाडापर्यंत पोचली की हाड झिजू लागते. झिजलेले हाड आपोआप परत येत नाही. ही झीज बहुधा दुखत नाही, आणि धोका आहे तो येथेच. तंबाखू, मशेरी, विडी आणि ताब्यात नसलेला मधुमेह यांनी हा धोका वाढतो.

तेव्हा उपाय काय? दंतवैद्य प्रथम बारीक सळईने हिरडीची खोली मोजतात, रक्त अथवा पू येतो का ते पाहतात, आणि क्ष-किरण चित्र घेऊन ते जुन्या चित्राशी ताडून पाहतात. म्हणून माझी विनंती अशी की, दात बसविला त्या वेळचे चित्र दागिन्यासारखे जपून ठेवा. पुढे निर्णय त्याच्या आधारे होतो.

रोग असेल तर आधी तो आटोक्यात आणावयाचा: सफाई करून, आणि हाड झिजले असल्यास गरजेप्रमाणे हिरडी उघडून. सुजलेल्या हिरडीवर कलम करणे म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणे होय. रोग नसेल आणि हिरडी पातळ असेल, तर टाळूतून थोडी ऊती घेऊन तेथे बसवितात. त्याने हिरडी जाड होते आणि कड पुष्कळ अंशी झाकली जाते. तथापि पूर्ण झाकली जाईलच असे कोणी वचन देऊ नये. कधी वरच्या दाताचा आकार बदलूनही काम भागते. स्क्रूच फार चुकीच्या जागी बसला असेल, तर तो काढून नव्याने सुरुवात करणे हाच कधीकधी शहाणपणाचा मार्ग ठरतो. आणि दात मागील बाजूचा असून सूज नसेल, हाड स्थिर असेल, तर नुसती देखरेखही पुरते.

घरी करावयाचे थोडेच आहे. मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवावा, फटींसाठी बारीक गोल ब्रश वापरावा, तंबाखू सोडावी आणि ठरलेल्या वेळी तपासणीस जावे. रोपलेल्या दाताला कीड लागत नाही हे खरे. पण त्याच्या भोवतालची हिरडी आणि हाड आपले, सजीव आहेत. तो दात किती वर्षे टिकावयाचा, हे पुष्कळसे त्यांच्याच हाती असते.