होल्डर तोच, दिवा नवा

घरातल्या विजेच्या दिव्याकडे पाहा. पूर्वी त्या जागी तारेचा पिवळा बल्ब होता. मग सीएफएल आला, आता एलईडी आहे. प्रकाश निर्माण करण्याच्या या तीन अगदी वेगळ्या पद्धती, पण भिंतीवरचा होल्डर मात्र तोच राहिला. दोन खिट्ट्यांचा दिवा आत दाबायचा आणि फिरवायचा, झाले. दिवा कोणत्या तत्त्वावर चालतो याच्याशी होल्डरला काही देणेघेणे नाही. दोघांमध्ये फक्त एक करार आहे: आकार अमुक, व्होल्टता अमुक. हा करार टिकला म्हणून भिंती न उकरता आपण तीन पिढ्यांचे दिवे वापरू शकलो.

सुटे भाग आणून संगणक जोडणे हा मुळात अशाच करारांचा विषय आहे. आम्हाला तो नीट उमगला तो आमच्या भाच्यामुळे.

२०१८ साली तो अकरावीत होता आणि खेळ खेळता येतील असा संगणक त्याला हवा होता. त्याचे वडील तालुक्याच्या गावी शिक्षक. त्यांनी एक रक्कम ठरवून दिली आणि बजावले, "पाच वर्षे पुन्हा मागायचे नाही." दुकानातून लिहून आणलेली यादी घेऊन भाचा आमच्याकडे आला. यादीत निम्म्याहून अधिक पैसे ग्राफिक्स कार्डावर होते. मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे पॉवर सप्लाय, सर्वांत स्वस्त.

"मावशी, पॉवर सप्लायवर कशाला पैसे घालवायचे? त्याने खेळ थोडाच वेगाने चालतो?"

प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचे उत्तर शोधताना आम्ही दोघांनी जो हिशोब मांडला, तोच येथे देत आहोत.

पडद्यापासून सुरुवात

यंत्र किती ताकदीचे हवे, हे पडदा ठरवतो. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचे असेल, तर दर सेकंदाला १२,४४,१६,००० ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. एका चित्रासाठी वेळ मिळतो तो सुमारे १६.७ मिलिसेकंद. पडदा १४४ हर्ट्झचा असला, तर हाच वेळ सुमारे ६.९ मिलिसेकंदांवर येतो. ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचा पडदा घेतला, तर ठिपके चौपट होतात.

याचा दुसरा अर्थ असा, की पडदा ६० हर्ट्झचा असेल आणि यंत्राने सेकंदाला दीडशे चित्रे तयार केली, तरी पडदा ६० वेळाच बदलणार. भाच्याकडे काकांचा जुना ६० हर्ट्झचा पडदा होता. यादीतले महागडे कार्ड त्यासाठी गरजेपेक्षा मोठे होते. पहिली बचत येथेच झाली.

लाटणारा आणि भाजणारा

खेळाचे प्रत्येक चित्र दोघे मिळून तयार करतात. प्रोसेसर ठरवतो की चेंडू कुठे गेला, दार उघडले का, कोण कोणाला धडकला. ही कामे एकातून एक निघणारी असतात. ती करायला थोडे पण हुशार कामगार लागतात. ग्राफिक्स कार्ड प्रत्येक ठिपक्याचा रंग काढते. एका ठिपक्याचे गणित बहुतांशी शेजारच्या ठिपक्यावर अवलंबून नसते, म्हणून तेथे साधे पण पुष्कळ कामगार चालतात. शेवटी आम्ही निवडलेल्या रायझन ५ २६०० या प्रोसेसरमध्ये ६ गाभे होते, तर जीटीएक्स १०६० या कार्डाच्या ६ गिगाबाइटच्या प्रकारात १२८०. एका कठीण प्रश्नासाठी सहा शिक्षक, आणि पाढ्यांसाठी शाळेतली सगळी मुले, असे म्हणा ना!

स्वयंपाकघरात एक जण पोळ्या लाटतो आणि दुसरा भाजतो. लाटणारा मिनिटाला तीन पोळ्या देत असेल, तर मिनिटाला दहा पोळ्या भाजणारा तवा आणून काय उपयोग? पोळ्या तीनच मिळतील. जो हळू, त्याचाच वेग सगळ्यांचा वेग.

आपल्या संगणकात हळू कोण, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. खेळातल्या चित्राच्या ठिपक्यांची संख्या कमी करून पाहा. सेकंदाला मिळणारी चित्रे वाढली, तर अडचण ग्राफिक्स कार्डाची होती. तेवढीच राहिली, तर बहुधा प्रोसेसरची. नवा भाग विकत घेण्यापूर्वी हा पाच मिनिटांचा प्रयोग जरूर करावा.

कोणता करार किती टिकतो?

आता पुढच्या बदलांचा विचार. १९८१ साली आयबीएमने आपला पीसी बहुतांशी बाजारात मिळणाऱ्या भागांतून बनवला आणि त्याची तांत्रिक माहितीही छापली. इतर कंपन्या त्याला जुळणारे भाग बनवू लागल्या. आज लॅमिंग्टन रोडवर पाच कंपन्यांचे पाच भाग घेऊन ते एकमेकांना जोडता येतात, त्याचे मूळ येथे आहे. पण सगळे करार सारख्या आयुष्याचे नसतात.

पेटी आणि मदरबोर्ड यांच्या मापांचा एटीएक्स हा करार १९९५ चा. तो अजून चालू आहे. ग्राफिक्स कार्डाची पीसीआय एक्सप्रेस ही खाच २००३ पासूनची. तिच्या नव्या आवृत्त्या आल्या, पण नवे कार्ड जुन्या खाचेत सहसा चालते, फक्त दोघांतील कमी वेगाने.

मेमरीचा करार काही वर्षांनी बदलतो. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्क असतात, पण मधली खाच मुद्दाम वेगळ्या जागी ठेवलेली असते. कारण त्यांची व्होल्टता आणि जोडणी निराळी आहे. एकीची जागा दुसरी घेऊ शकत नाही.

प्रोसेसरच्या बैठकीचा, म्हणजे सॉकेटचा करार सर्वांत बेभरवशाचा. इंटेलचा ११५१ संपर्कांचा सॉकेट २०१५ साली आला. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरचा सॉकेटही त्याच क्रमांकाचा होता, पण आधीच्या मदरबोर्डांवर तो चालवण्याची सोय कंपनीने दिली नाही. म्हणजे होल्डरचा आकार तोच, पण दिवा लागत नाही! केवळ आकार जुळला म्हणजे करार जुळला असे नव्हे, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

एएमडी कंपनीने २०१६ साली आणलेला एएम-४ हा सॉकेट २०२० पर्यंत चालवू, असे सांगितले होते. म्हणून आम्ही त्याच सॉकेटचा, बी-४५० जातीचा मदरबोर्ड घेतला. मेमरीच्या ४ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या घेतल्या. ८ ची एकच का नाही? डीडीआर-४ ३२०० जातीची एक पट्टी सेकंदाला ३२० कोटी वेळा ८ बाइट देते, म्हणजे २५.६ गिगाबाइट. दोन पट्ट्या दोन वाटांनी बसवल्या, की कमाल वेग दुप्पट.

न दिसणारा भाग

आता भाच्याच्या मूळ प्रश्नाकडे वळू. त्याला आम्ही आमचीच एक गोष्ट सांगितली. प्रयोगशाळेत तापमानाच्या नोंदी घेणाऱ्या संगणकासाठी आम्ही एकदा सर्वांत स्वस्त पॉवर सप्लाय घेतला होता. एका रात्री तो जळाला आणि जाताना मदरबोर्ड व हार्ड डिस्क घेऊन गेला. पाच महिन्यांच्या नोंदी गेल्या आणि एका विद्यार्थिनीला सगळा प्रयोग पुन्हा करावा लागला. नोंदींची दुसरी प्रत ठेवली नव्हती, हा दोष आमचाच. पण जळाली ती एक पेटी, आणि गेले सगळेच, असे का व्हावे?

कारण पॉवर सप्लाय सर्वांना जोडलेला असतो. तो २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज बनवतो. व्होल्टता मर्यादेबाहेर गेली, तर चांगली पेटी स्वतःला बंद करते. निकृष्ट पेटीत ही सोय नसते किंवा अपुरी असते. मग वाढलेली व्होल्टता सरळ प्रत्येक भागाच्या दारात जाते.

किती वॉटची पेटी हवी? आमचा प्रोसेसर ६५ वॉटचा म्हणून विकला जातो, पण भर कामात त्याला ८८ वॉटपर्यंत घेऊ दिले जाते. कार्डाचे १२० वॉट, बाकी सगळ्याचे अंदाजे ५०. बेरीज २५८. ही शक्ती १२ व्होल्टवर द्यायची, तर साडेएकवीस अँपिअर प्रवाह लागतो. भिंतीतून मात्र २३० व्होल्टवर जेमतेम सव्वा अँपिअर येतो. आतल्या तारा जाड का असतात, ते यावरून कळेल.

आम्ही ५५० वॉटची पेटी घेतली. दुपटीने का? एक तर कार्डाची मागणी क्षणभर बरीच उसळते. दुसरे, अशा पेट्यांची कार्यक्षमता साधारण निम्म्या भाराला सर्वांत चांगली असते. ३०० वॉट पुरवताना कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर भिंतीतून ३७५ वॉट घेतले जातात आणि ७५ वॉटची उष्णता होते. ९० टक्के असेल, तर हीच उष्णता सुमारे ३३ वॉट. तिसरे कारण पुढच्या मोठ्या कार्डासाठी जागा. एक सावधगिरी: पेटीवरचे ८० प्लस हे चिन्ह कार्यक्षमतेबद्दल आहे, सुरक्षिततेबद्दल नाही. जादा व्होल्टता, जादा प्रवाह आणि शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण आहे का, आणि हमी किती वर्षांची, हे वेगळे पाहावे.

थोडक्यात, भाच्याला दिलेले उत्तर असे: पॉवर सप्लायने खेळ वेगाने चालत नाही. पण उद्या वेगवान भाग घेशील, तेव्हा तो याच्याच भरवशावर चालेल. वेग लवकर जुना होतो, म्हणून वेगावर आज पुरेल इतकाच खर्च कर. जे भाग पुढच्या फेरीतही राहणार, त्यांत काटकसर नको.

पाच वर्षांनंतर

२०२० च्या मे महिन्यात एएमडीने जाहीर केले, की पुढच्या पिढीचे प्रोसेसर आमच्या जातीच्या मदरबोर्डांवर चालणार नाहीत. ग्राहकांनी बरीच ओरड केली आणि त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. कंपनीचे आश्वासन हा उपयोगी पुरावा असतो, पण तो निसर्गनियम नव्हे!

२०२३ साली भाच्याने स्वतः साठवलेल्या पैशांतून रायझन ५ ५६०० घेतला. गाभे सहाच, वॉट ६५ च, पण चकती १२ ऐवजी ७ नॅनोमीटर तंत्राची आणि तिच्यातली एल-३ साठवण दुप्पट, ३२ मेगाबाइट. त्याने उत्साहाने जुना प्रोसेसर काढून नवा बसवला. पंखे फिरले, पडदा काळाच.

"मावशी, गेलं सगळं."

"आधी बायोस बदललास का?"

फोनवर शांतता. बायोस म्हणजे मदरबोर्डावर कायम लिहून ठेवलेली सुरुवातीची आज्ञावली. तिला नव्या प्रोसेसरची ओळखच नव्हती. जुना प्रोसेसर परत बसवून बायोस अद्ययावत केला, मग नवा बसवला. पडदा उजळला. क्रम महत्त्वाचा.

त्याच वर्षी आरएक्स ६६०० हे १३२ वॉटचे कार्ड आणि ८ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या आल्या. हे कार्ड १६ पैकी ८ च वाटा वापरते आणि आमची खाच जुन्या आवृत्तीची, त्यामुळे सेकंदाला सुमारे १५.८ ऐवजी ७.९ गिगाबाइटच जाऊ शकतात. बहुतेक खेळांत फरक जाणवला नाही. विजेची नवी बेरीज २७० वॉट झाली. पेटी, पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड २०१८ चेच.

आणि जुने भाग? प्रोसेसर, कार्ड व मेमरी एका साध्या एएम-४ मदरबोर्डावर बसवून भाच्याने वडिलांच्या शाळेला दिले. त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसल्याने कार्डही द्यावेच लागले. आता त्यावर मुले भूमितीच्या आकृत्या काढतात.

आज नवा संगणक जोडायचा असेल, तर नावे बदलतील. एएमडीचा एएम-५ सॉकेट २०२२ मध्ये आला. त्यावर फक्त डीडीआर-५ चालते, आणि तो किमान २०२७ पर्यंत चालवण्याचे कंपनीने सांगितले आहे. इंटेलचा १८५१ संपर्कांचा सॉकेट २०२४ चा. "थांबलो तर स्वस्त मिळेल" हा नियमही नेहमी खरा नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्याने मेमरीचे भाव एकदम चढले. नावे कोणतीही असोत, विचाराचा क्रम तोच: पडदा, दोघांत हळू कोण, करार किती टिकेल, आणि वीज.

वर्गात करून पाहा

शाळेत बंद पडलेला संगणक असेल, तर तार काढून तो मुलांसमोर उघडा. कोणता भाग कोणत्या खाचेत बसतो आणि उलटा का बसत नाही, हे त्यांना शोधू द्या. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नका. तार काढल्यावरही आतल्या धारित्रात ३०० व्होल्टच्या वर भार राहू शकतो. मग मुलांना विचारा: घरातल्या कोणकोणत्या वस्तूंमध्ये होल्डर तोच राहून दिवा बदलला? सायकल, गॅसची शेगडी, पाण्याचा नळ... यादी बरीच लांबेल. ज्या वस्तू यादीत येणार नाहीत, त्या आपण दुरुस्त करतो की फेकतो, हेही विचारून पाहा.