फायबर घेताना चार प्रश्न विचारा

शिष्यवृत्तीचा अर्ज आता महाडीबीटीवर ऑनलाइनच भरावा लागतो. म्हणून होटगीच्या कष्टकरी घरातही फायबर ही आम्ही चैन मानत नाही. पण बंधू-भगिनींनो, जाहिरातीला भुलू नका. आधी विचारा :

१) काचेची तार थेट घरात येणार, की खांबापासून साधी केबल?
२) जोडणी, राउटरची अनामत आणि १८ टक्के जीएसटी धरून एकूण किती?
३) ठरलेला डेटा संपल्यावर वेग किती उरतो?
४) तार तुटली तर दुरुस्ती किती दिवसांत? हे मात्र शेजाऱ्याला विचारा.

पहिल्यांदा एकाच महिन्याचे पैसे भरा. वीज गेली की राउटरही बंद पडतो. अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नका. बाबासाहेबांनी दाखवलेल्या शिक्षणाच्या वाटेवरचा हा खर्च डोळसपणे करू या.