झोपेतला श्वास

घोरणे म्हणजे गाढ झोप, असे मीही पन्नाशीपर्यंत मानीत होतो. वाटाघाटींच्या बैठकीत मला डुलकी लागे, तेव्हा सोबती हसत आणि मालकपक्षही हसे. पण दोष आळसाचा नव्हता. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बुजते. दहा सेकंद वा अधिक काळ श्वास अडतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो. माणसाला मात्र पत्ता नसतो. तासाला असे ३० किंवा अधिक अडथळे आले, तर विकार तीव्र समजतात.

सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली यावरील उपाय प्रसिद्ध केला. सीपॅप यंत्र नाकावरच्या मास्कमधून साधी हवाच दाबाने सोडते आणि वाट उघडी ठेवते.

पहिले पंधरा दिवस मी मध्यरात्री मास्क काढून फेकीत असे. मग पट्टा थोडा सैल केला, दिवसा वाचताना तो लावून बसू लागलो, तेव्हा सवय झाली. मास्क रोज धुवावा. यंत्र रोग मुळापासून काढीत नाही. चष्म्याप्रमाणे लावावे तोवरच उपयोग.

बसचालक, क्रेनचालक हा त्रास लपवतात, कारण सांगितले तर नोकरी जाईल ही भीती. पण चाकावरची डुलकी त्याहून महाग पडते. म्हणून तपासणी, यंत्र आणि उपचार घेणाऱ्याच्या नोकरीची हमी, या तिन्ही मागण्या एकत्रच केल्या पाहिजेत.