उंबरठ्याच्या आतील जोखीम

पुण्याच्या गुप्तरोग चिकित्सालयांत १९९३ ते १९९६ या काळात ज्या ९१६ स्त्रियांची तपासणी झाली, त्यांपैकी ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या, चारचौघींसारख्या संसारी होत्या, आणि बहुतेकींच्या आयुष्यात पतीखेरीज अन्य पुरुष आलेला नव्हता. तरीही त्यांच्यात एचआयव्हीबाधितांचे प्रमाण १३.६ टक्के भरले. हे प्रमाण दवाखान्याची पायरी चढलेल्या आजारी स्त्रियांचे आहे, सर्व समाजाचे नव्हे, हे खरे; परंतु ‘वाईट वस्तीतला रोग’ ही जी सोईस्कर समजूत आपण उराशी धरली होती, तिच्या मुळाशीच या आकड्याने हात घातला. एकनिष्ठ राहा, हा आरोग्यखात्याचा उपदेश पाळण्यात या स्त्रियांनी तिळमात्र कसूर केली नव्हती.

राहिला निरोध. ही वस्तू आपल्याकडे प्रथमपासून कुटुंबनियोजनाच्या खाती जमा झालेली. दोन मुलांनंतर सुनेचे ऑपरेशन उरकून टाकण्याची आपली रीत, आणि एकदा ते उरकले की निरोध मागण्याचा तिचा एकमेव सभ्य बहाणाही संपतो. त्यानंतर तिने तो मागितला तर नवऱ्याला त्याचे दोनच अर्थ लागतात: हिला माझा संशय आला आहे, किंवा मलाच हिचा यायला हवा. अशा घरात गप्प बसणाऱ्या स्त्रीला अडाणी म्हणणाऱ्यांनी तिची अडचण कधी पाहिलेलीच नसते.

पुढची हकीकत याहून अन्यायाची आहे. गरोदरपणी सरकारी रुग्णालयात तिचे रक्त तपासले जाते, नवऱ्याचे पुष्कळदा राहून जाते. साहजिकच दोष प्रथम तिच्या कागदावर उमटतो, आणि ज्याने रोग आणला त्याच्याच घरात तिच्यावर आळ येतो. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात असलेल्या कायद्याने संमतीवाचून तपासणीस मज्जाव केला आहे. शिवाय अहवाल कळल्यास स्त्रीला मारहाण होण्याचे वा घराबाहेर काढले जाण्याचे सबळ भय असेल, तर तो पतीस कळवू नये, अशी तजवीजही त्यात आहे. गर्भवतीने वेळीच औषधे घेतली तर बाळाला लागण होण्याचा संभव पाच टक्क्यांच्या खाली आणता येतो, ही गोष्ट मात्र सासरी कोणी सांगत नाही.

म्हणून समुपदेशकाचा आग्रह असतो, की दोघांनी मिळून यावे. तपासणी विनामूल्य आहे, आणि १०९७ या क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येते. पती बाधित आणि पत्नी निरोगी असेल, तर त्याने नियमाने गोळ्या घेऊन रक्तातील विषाणू मोजणीत न येण्याइतका खाली आणून तो तसाच राखला, की समागमातून तिला लागण होत नाही. मग फडताळातली त्याची ती गोळ्यांची डबी वेळेवर रिकामी होते की नाही, याकडे तिचेही लक्ष असते.