नोंद जबलपुरात, दुखणं गावात

सिग्नल्समधून निवृत्त झालेला जवान साताऱ्यात राहो की सांगोल्यात, पेन्शनच्या कागदावर बायकोच्या नावाची वेलांटी चुकली तरी त्याचं पत्र जातं जबलपूरला. कोअर ऑफ सिग्नल्सचं अभिलेख कार्यालय तिथे आहे. ग्रेनेडियर्सचं आणि जम्मू अँड काश्मीर रायफल्सचंही तिथेच. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावात उभी राहिली, पण तिचं केंद्र आज मध्य प्रदेशातच, सागरला आहे. फौजी अभिलेख कार्यालयाला नुसतं ‘रेकॉर्ड’ म्हणतात. ‘रेकॉर्डला लिहिलंय, बघू’ असं म्हणून ते गप्प बसतात. जवान कधी भरती झाला, कुठल्या युनिटात किती काळ होता, कुठल्या वैद्यकीय श्रेणीत बाहेर पडला, हे सारं त्या कपाटांत असतं.

नसतं ते एवढंच, की बाहेर पडल्यावर त्याला काय झालं.

कर्करोगाच्या बाबतीत ही उणीव साधी नाही. आपला शिपाई पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो. कर्करोगाला मात्र घाई नसते. ॲस्बेस्टॉसची धूळ छातीत गेल्यापासून फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग दिसेपर्यंत वीस ते चाळीस वर्षं जाऊ शकतात. म्हणजे संपर्क येतो वर्दीत आणि आजार दिसतो शेतावर, किंवा एखाद्या बँकेच्या दारावर सुरक्षारक्षकाची नोकरी करताना. तोवर तो लष्कराच्या लेखी ‘माजी’ झालेला असतो आणि गावच्या डॉक्टरच्या लेखी नुसता ‘पेशंट’. या दोन नोंदी एकमेकींना भेटल्या, तरच कुणाला काही कळेल.

अमेरिकेत त्या भेटत होत्या, मग मध्ये भिंत उभी राहिली. तिथल्या राज्यांत कर्करोगाचा प्रत्येक नवा रुग्ण सरकारी नोंदणीला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. पण माजी सैनिकांची इस्पितळं केंद्राची, त्यांना राज्याचा कायदा लागू पडत नाही. ती माहिती द्यायची ती राजीखुशीने. मे २००६ मध्ये ही इस्पितळं चालवणाऱ्या केंद्रीय खात्याच्या एका कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप आणि डिस्क चोरीला गेली. त्यात सुमारे २ कोटी ६५ लाख माणसांचा खाजगी तपशील होता. खात्याची अब्रू गेली. पुढच्याच वर्षी खात्याने धोरण बदललं: राज्यांनी आधी आमच्या अटींच्या करारावर सही करावी, मगच माहिती मिळेल. काही राज्यांनी सही केली. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांशी मात्र वाद झाला. परिणाम मोठा विचित्र झाला. माजी सैनिकांत पुरुषच बहुसंख्य असल्यामुळे पुरुषांमधल्या कर्करोगाचे आकडे खाली आल्यासारखे दिसू लागले. आजार होता तिथेच होता, फक्त कागदावरून उतरला होता. राष्ट्रीय आकडेवारीसोबत संशोधकांना इशारेवजा टिपा जोडाव्या लागल्या. खात्याची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण चोरी झाली ती निष्काळजीपणामुळे, आणि तिची शिक्षा झाली कर्करोगाच्या नोंदणीला.

आपल्याकडे अशी भिंत नाही. आपल्याकडे अजून रस्ताच नाही.

भारतात कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली पहिली नोंदणी मुंबईत १९६३ साली डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. सोसायटीनेच पुढे पुण्यात, औरंगाबादेत आणि १९८० साली नागपुरात नोंदणी उभारली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा, म्हणजे आयसीएमआरचा राष्ट्रीय कार्यक्रम आला १९८१-८२ मध्ये. १९८७ साली बार्शीला ग्रामीण भागातली पहिली नोंदणी सुरू झाली. आपल्याकडे कर्करोग कळवणं देशभर सक्तीचं नाही, कर्नाटक, पंजाब, त्रिपुरा अशा काही राज्यांनीच ते केलं आहे. त्यामुळे नोंदणीची माणसं स्वतः इस्पितळांत, पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळांत आणि मृत्यू-नोंदणीच्या कार्यालयांत फिरून एकेक नाव उतरवून आणतात. चपला झिजवण्याचं काम. त्या मेहनतीवरच २०२० चा राष्ट्रीय अहवाल उभा राहिला. देशात त्या वर्षी १३.९ लाख नवे रुग्ण असतील, हा अंदाज त्यातलाच. पण त्यामागच्या २८ नोंदण्यांच्या कक्षेत देशाची जेमतेम दहा टक्के वस्ती होती. मध्य प्रदेशातली नोंदणी त्यात एकच, भोपाळची.

भोपाळची कथा जबलपूरला लागू पडते. ती नोंदणी १९८६ साली आली, म्हणजे वायुकांड होऊन गेल्यावर. वायूने कर्करोग वाढला का, हा प्रश्न विचारायला आकडे हवेत दोन: आधीचा आणि नंतरचा. आधीचा आकडा भोपाळकडे नव्हताच. मग वायूचा झोत लागलेल्या वस्त्यांची न लागलेल्या वस्त्यांशी तुलना, अशा आडवाटांनी संशोधकांना जावं लागलं.

आता जबलपूर बघा. छावणी, मिलिटरी हॉस्पिटल, तीन रेकॉर्ड ऑफिसं, सेंट्रल ऑर्डनन्स डेपो. १९०४ पासूनची गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धातली खमरियाची दारूगोळ्याची फॅक्टरी, १९६९ ची व्हेइकल फॅक्टरी (शक्तिमान ट्रक इथलाच), शिवाय ग्रे आयर्न फाउंड्री. आणि याच गावात आयसीएमआरची स्वतःची संस्थाही आहे. ती १९८४ साली आदिवासी आरोग्याच्या संशोधनासाठी स्थापन झाली. सेवेची नोंद, रुग्ण आणि संशोधक एका गावात सापडावेत, अशी जागा देशात फार नाही. तरी यांची गाठ कुणी मारलेली नाही.

फॅक्टऱ्यांचं नाव काढलं म्हणून सांगतो, हा कुणावर आरोप नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था ओतकामाला, रंगकामाला, डिझेलच्या धुराला आणि बेंझिनला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकते. म्हणजे पुरावा पक्का आहे. रडार आणि वायरलेसच्या लहरींना मात्र तिने २०११ साली ‘कदाचित’ या गटात ठेवलं, म्हणजे पुरावा तोकडा आहे. सिग्नल्समध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला घशाची गाठ निघाली, की त्याच्या मनात पहिला संशय येतो तो अँटेनाचा. बहुतेक वेळा खरा गुन्हेगार तंबाखूच असणार. जबलपूर तर शेर छाप बिडीचं गाव! शिवाय फौजेत कँटीनची रम आली, आणि दारूही त्याच पहिल्या गटात बसते. पण ‘बहुतेक वेळा’ म्हणजे किती, हे नोंदीशिवाय सांगता येत नाही. त्यामुळे संशय घेणाऱ्याचंही समाधान होत नाही आणि नाकारणाऱ्याचंही खरं मानता येत नाही.

इथे आणखी एक गोची आहे. सैनिकांमधल्या कर्करोगाचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा कमी आलं, तर ‘फौजेत धोका नाही’ असा निष्कर्ष काढायचा मोह होईल. तो चुकीचा ठरेल. भरतीच्या दिवशी छाती मोजून, दात तपासून, धडधाकट तेवढेच आत घेतलेले असतात. त्यांची तुलना सगळ्या गावाशी कशी करणार? सैनिकाची तुलना सैनिकाशीच व्हायला हवी: दारूगोळ्याच्या डेपोत दहा वर्षं राहिलेला आणि न राहिलेला, हिमनदीवर रॉकेलच्या बुखारीच्या, म्हणजे शेगडीच्या, काजळीत हिवाळा काढलेला आणि न काढलेला. हा भेद फक्त रेकॉर्ड ऑफिसातून कळतो. कर्करोग नोंदणीला रुग्णाचा आजचा पत्ता माहीत असतो. त्याआधी तो कुठे कुठे होता, हे तिला कळायला मार्ग नाही.

पत्त्याचाही घोळ आहेच. नोंदणीच्या नियमाप्रमाणे तिच्या हद्दीत निदान वर्षभर राहिलेलाच रुग्ण तिच्या हिशेबात धरतात. उपचारासाठी आलेला पाहुणा धरत नाहीत. नियम रास्त आहे, नाहीतर टाटा इस्पितळामुळे मुंबई देशातलं सर्वांत आजारी शहर ठरेल. पण जबलपूरचा रुग्ण नागपूरला किंवा मुंबईला उपचार घेतो, तेव्हा तिथे तो बाहेरचा ठरतो आणि त्याच्या गावी लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी नसते. अपशिंगे मिलिटरी या गावातल्या माणसाचंही तेच, सातारा जिल्हा सोडून तो पुण्याच्या कमांड हॉस्पिटलात गेला की.

माहिती मात्र आहे, ढिगाने आहे. माजी सैनिकांची आरोग्य योजना, ईसीएचएस, १ एप्रिल २००३ पासून चालू आहे. जवान, त्याची बायको, आईवडील धरून पन्नास लाखांहून अधिक माणसं तिच्यात आहेत. पॉलिक्लिनिकमधून रेफरल, मग यादीतलं खाजगी इस्पितळ, मग बिल. ही बिलं २०१२ पासून ऑनलाइन तपासली जातात. किमोथेरपीच्या प्रत्येक बिलावर निदान लिहिलेलं असतं, नाहीतर पैसे कोण देईल? म्हणजे ज्याचं बिल येतं त्या प्रत्येक माजी सैनिकाच्या कर्करोगाची सरकारला खबर आहे, फक्त ती हिशेब खात्याला आहे. त्याच्याच आळीत राहणारा फॅक्टरीतून निवृत्त झालेला माणूस केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वेगळ्या योजनेत, सीजीएचएसमध्ये. एक योजना संरक्षण मंत्रालयाची, दुसरी आरोग्य मंत्रालयाची.

या नोंदी जोडण्यावरचा फौजेचा आक्षेप मी ऐकलेला आहे आणि तो पोकळ नाही. कुठलं युनिट कधी कुठे होतं, हे बाहेर जाता कामा नये. पण संशोधकाला ठिकाणाचं नाव लागतच नाही. ‘उंचावरची हिमाच्छादित चौकी, तीन हिवाळे’ किंवा ‘वाहन दुरुस्ती, सहा वर्षं’ एवढं पुरे. रेकॉर्ड ऑफिसाने आपल्याच चार भिंतींत असे शिक्के मारावेत, कर्करोगाच्या यादीशी जुळणी तिथेच व्हावी, बाहेर यावेत ते नावं गाळलेले आकडे. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संशोधन आणि सांख्यिकीला सूट देतो. अट एवढीच, की त्या माहितीवरून कुण्या एका व्यक्तीबद्दल निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवून दिलेले निकष पाळले जावेत.

एका व्यक्तीचे निर्णय दुसरीकडे होतात. आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला हे मान्य झालं, तर अपंगत्व पेन्शन मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, आणि उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर. सैनिकाला हा मोठा दिलासा होता. पण कर्करोगाच्या दाव्यात दोन्ही बाजूंचे वकील परदेशी आकडे पुढे करण्यापलीकडे काय करणार? अमेरिकेने एजंट ऑरेंज या तणनाशकासाठी १९९१ मध्ये आणि उघड्यावर जाळलेल्या कचऱ्याच्या धुरासाठी २०२२ मध्ये कायदे करून आजारांची यादीच मान्य केली. यादीतला आजार असेल तर सैनिकाला त्याचा सेवेशी संबंध वेगळा सिद्ध करावा लागत नाही. तशी भारतीय यादी करायची तर भारतीय आकडे लागतील. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं एक खंडपीठ जबलपुरातही आहे. तिथे येणारा प्रत्येक दावा सुटा लढला जातो, आणि त्याला लागणारा अर्धा पुरावा अनेकदा त्याच शहरातल्या रेकॉर्ड ऑफिसात असतो. उरलेला अर्धा ईसीएचएसच्या बिलांत.